पाण्याचा हिशेब पेरणीआधी : उपग्रहाचं चित्र कसं वाचायचं?



बचत गटात आपण आधी शिल्लक किती ते बघतो, मग कर्ज कुणाला किती द्यायचं ते ठरवतो. गावच्या पाण्याचं मात्र उलटं चालतं. रब्बीची पेरणी आधी होते, मोटारी सुरू होतात आणि एप्रिलमध्ये विहिरीनं तळ गाठला की मग आपण विचारतो, पाणी गेलं कुठं? तोवर हंडा आपल्याच डोक्यावर आलेला असतो. म्हणून या अंकात पाण्याचा हिशेब पेरणीआधी कसा मांडायचा आणि त्यात उपग्रहाची मदत कशी घ्यायची ते शिकूया.

उपग्रहाला काय दिसतं?

उपग्रह वरून जमिनीचे फोटो काढतो. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी आपल्या शिवारावरून जातात. त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची १० मीटर लांब, १० मीटर रुंद जागा. म्हणजे जवळजवळ १ गुंठाच! अर्ध्या एकराचं रान असलं तरी त्यात २० ठिपके येतात.

आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही उपग्रह टिपतो. हिरवं पीक हा प्रकाश भरपूर परत फेकतं, पाणी तो शोषून घेतं. त्यावरून बनवलेल्या चित्रात हिरवं पीक लाल दिसतं आणि पाणी काळं किंवा गडद निळं. पहिल्यांदा बघताना गोंधळ होतो. पण लाल म्हणजे पीक आणि काळं म्हणजे पाणी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

कोणत्या महिन्यांची चित्रं बघायची?

पावसाळ्यात ढगांमुळे जमीन नीट दिसत नाही. म्हणून ही तीन चित्रं घ्या :

१. नोव्हेंबर : तलाव, बंधारे, शेततळी किती भरली ते कळतं.

२. जानेवारी : रब्बीचं पीक किती रानात उभं आहे ते कळतं.

३. एप्रिल : हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्वारी, हरभरा निघालेला असतो. तरीही जे रान लाल दिसतं, तिथं बहुतेक ऊस, फळबाग किंवा उन्हाळी पीक असतं. उन्हाळ्यातलं पाणी तिथं चाललेलं असतं.

मागच्या ४-५ वर्षांची एप्रिलची चित्रं शेजारी ठेवून बघा. लाल रान वाढतंय आणि तलावाचं काळं पाणी कमी होतंय, असं दिसलं तर सावध व्हायची वेळ आली.

आता हिशेब मांडू

१ हेक्टर रानावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. उसाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर १ हेक्टर उसाला २ कोटी लिटर. हरभऱ्याला २५० मिलिमीटर धरलं, तर २५ लाख लिटर.

आता घरचं पाणी बघा. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात. १,००० वस्तीच्या गावाला वर्षभरासाठी साधारण २ कोटी लिटर लागतात. म्हणजे १ हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षभराचं घरचं पाणी जवळपास सारखंच! उसातलं काही पाणी पावसाचं असतं, हे खरं. पण उन्हाळ्यातलं पाणी विहिरी-बोअरचं किंवा धरणाचंच असतं.

उपग्रह काय सांगत नाही?

तुमच्या विहिरीत पाणी किती फूट आहे ते या चित्रात दिसत नाही. तळं किती खोल आहे, गाळ किती आहे, तेही नाही. ओढ्याकाठची वेडी बाभूळसुद्धा लालच दिसते. म्हणून चित्र हातात घेऊन शिवारफेरी करा, गट नंबरप्रमाणे पीक लिहा. आणि दोरीला वजन बांधून ठरलेल्या ५-६ विहिरींची पातळी दर महिन्याला मोजा. चित्र आणि दोरी, दोन्ही मिळून हिशेब पुरा होतो.

चित्रं कुठं मिळतील?

इस्रोचं 'भुवन' आणि युरोपचं 'कोपर्निकस ब्राउझर' ही संकेतस्थळं फुकट बघता येतात. सेंटिनेलची वर सांगितलेली लाल चित्रं कोपर्निकसवर मिळतात. त्यासाठी 'फॉल्स कलर' हा पर्याय निवडा. मोबाइलवर चित्र लहान दिसतं, म्हणून ग्रामपंचायतीच्या संगणकावर बघा. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सोबत घ्या.

मग पुढं काय?

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. तिथं हा हिशेब मांडा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद बघूनच पिकं ठरवते.

एक काळजी घ्या. चित्र कुणाकडं बोट दाखवायला वापरू नका. ऊस आपल्याच गटातल्या ताईचा असू शकतो आणि त्याच पैशावर तिचं कर्ज फिटत असतं. "तुझा ऊस काढ" असं म्हणण्यापेक्षा आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात किती रान भिजवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ठिबक कुणाला बसवता येईल, त्यासाठी गटातून कर्ज देता येईल का, तेही बोला.

या महिन्याच्या बैठकीत चर्चेसाठी :

• आपल्या गावाला वर्षभर घरच्या वापरासाठी किती लिटर पाणी लागतं?

• पातळी मोजायला कोणत्या विहिरी घ्यायच्या? दोरी कोण धरणार, वहीत कोण लिहिणार?

• महिला सभेत हिशेब कोण मांडणार?