घाटात गाडी तपासू नकोस

मालेगाव कॅम्प

चि. बाळास,

फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतोस आणि विषय आक्काच्या गुडघ्यांवर नेतोस, म्हणून पत्र लिहितोय. शेवटपर्यंत वाच.

उमराण्याचे आबा काल घरी आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "तुमचा भाचा परवा रात्री राहुड घाटात दिसला. एका हातात मोबाइलचा उजेड, डोकं बॉनेटमध्ये, आणि मागच्या सीटवर सूनबाई लेकीला मांडीवर घेऊन बसलेली." त्याच रात्री तुझा मेसेज होता, सुखरूप पोचलो, वाटेत काही त्रास झाला नाही. बाळा, गाडी बंद पडली याचं मला काही वाटत नाही. जुनी गाडी आहे, पडणारच. पण त्या घाटात, अंधारात, कांद्याचे ट्रक आणि कंटेनर अंगावरून जात असताना तू त्या दोघींना बंद गाडीत बसवून ठेवलंस. मागून येणाऱ्याला वळणावर तुमची गाडी दिसणार कधी आणि तो ब्रेक मारणार कधी?

गाडी विक असं मी म्हणणार नाही. ती दाजींची आहे, ठाऊक आहे मला. 1993 साली दाजी ती पद्मिनी घेऊन थेट आपल्या दारात आले होते आणि आक्का खाली उतरायलाच तयार नव्हती. मुंबईत ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक हळहळले. त्याच वर्षी तू दाजींच्या गाडीचं पासिंग पुन्हा करून घेतलंस, म्हणजे 2028 पर्यंत कागद चोख. मला त्याचा आनंदच आहे. पण कागद चोख असले म्हणजे गाडी घरी पोचवतेच असं नाही.

आता दुखण्याचं बोलू. गरम झाली की बंद पडते, अर्धा तास उभी केली की चालू होते, मग आठ-पंधरा दिवस काही नाही. आक्काकडून कळलं की आधी कॉइल बदलली, मग कंडेन्सर, मग प्लग, आणि परत कॉइल. मागावर एकाच जागी धागा पुन्हापुन्हा तुटायला लागला तर आपल्याकडचा कारागीर नुसत्या गाठी मारत बसत नाही, फणीचा दात बघतो. तू गाठीच मारतो आहेस. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजात जाईपर्यंत गार होते, गार गाडी चालूच होणार, आणि श्रेय नव्या कॉइलला जातं.

ही अर्ध्या तासाची विश्रांती फार फसवी आहे. कॉइल तापून आतून तुटत असेल तरी गार झाल्यावर जुळते. पंपात पेट्रोलची वाफ धरली असेल तरी गार झाल्यावर सुटते. दोन्ही दुखणी वेगळी आणि उतारा एकच, म्हणून थांबल्यावर सुरू झाली यावरून काहीच कळत नाही. जे कळायचं ते बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळतं, इंजिन तापलेलं असताना.

त्या पाच मिनिटांत साधा टेस्ट लॅम्प पुरतो. त्याचं एक टोक अर्थला, दुसरं कॉइलच्या किल्लीकडच्या टर्मिनलला लाव. किल्ली चालू असून लॅम्प लागला नाही तर करंट कॉइलपर्यंत येतच नाही. किल्लीचा स्विच किंवा वायर बघ, कॉइलचा काही दोष नाही. लागला, तर तेच टोक डिलकोकडच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडच्या, टर्मिनलला लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत. सारखा लागून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा आतली वायर तुटलीय. लागलाच नाही तर कंडेन्सर शॉर्ट असेल, पॉइंट उघडत नसतील, किंवा कॉइलच आतून तुटली असेल. लुकलुकतोय पण कॉइलमधून ठिणगी येत नाही, तर कॉइल नाहीतर कंडेन्सर. कॉइलची ठिणगी निळी, कडकडीत आहे आणि प्लगला पोचत नाही, तर कॅप आणि रोटर. प्लगलाही चांगली येतेय, तर विजेचा नाद सोड आणि पेट्रोलकडे वळ. वायर मात्र कोरड्या, इन्सुलेशनच्या पकडीनेच धर, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी पाडूच नकोस.

माझा संशय डिलकोच्या आतल्या त्या बारीक वायरीवर आहे, टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाते ती. वरून अखंड दिसते. दोन बोटांत धरून हळूच ताण. वरचं कापड रबरासारखं लांबायला लागलं तर आतली तांब्याची तार तुटलेली आहे. टोकं हादऱ्याने कधी टेकतात, कधी सुटतात. दहा गॅरेजवाले हिच्यावरून नजर फिरवून कॉइल बदलतात.

आबांनी आणखी एक सांगितलं. कुणा ट्रकवाल्याने बॅटरीवरून कॉइलला डायरेक्ट वायर मारून दिली आणि तू तशीच गाडी घरी नेलीस. ती वायर अजून असेल तर पत्र खाली ठेव आणि आधी ती काढ. तिला ना फ्यूज, ना किल्ली. इंजिन थांबलं आणि पॉइंट मिटलेले राहिले की करंट वाहतच राहतो, कॉइल तापून फुटते, वायर पेटते. पण एवढं आठव: वायर मारताच गाडी लगेच सुरू झाली, की तोवर अर्धा तास होऊन गेला होता? लगेच झाली असेल तर दोष किल्लीच्या बाजूला आहे आणि दोन्ही कॉइली फुकट गेल्या. सूनबाईला विचार. अंधारात बसलेल्या माणसाला वेळ बरोबर आठवते.

हे सगळं सांगितलं, पण घाटात यातलं काहीही करायचं नाही. झटके सुरू झाले की वेग आहे तोवर गाडी डावीकडे, रस्त्याच्या बाहेर घ्यायची. चारी इंडिकेटर, मागे लांब त्रिकोण. सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि 1033 या महामार्ग हेल्पलाइनला फोन करायचा. बॉनेट उघडायचंच नाही.

तुझ्या आजोबांना, आमच्या दादांना, स्वतःच्या गाडीतून सप्तशृंगीला जायचं होतं. चैत्रात खानदेशातली माणसं पायी गडाकडे निघतात, आपल्या मालेगावातून जातात. दादा ओट्यावर उभे राहून त्यांना पाणी द्यायचे. स्वतः चालू शकत नव्हते. माझ्याकडे तेव्हा जुनी फियाट होती, अशीच अडणारी. दरवर्षी मी म्हणायचो, दादा, हिचा भरवसा नाही, पुढच्या चैत्रात नक्की. ते हो म्हणायचे, पुन्हा विषय काढायचे नाहीत. मग एक चैत्र आला तेव्हा दादा नव्हते. आजही पायी जाणारे दारावरून गेले की मी आत जाऊन बसतो.

रागावून लिहिलं असेन. आबा गेल्यापासून डोळ्यांसमोर ती मागची सीट आहे. दाजी गेल्यावर तू एकट्याने घर सावरलंस, आक्काला एक दिवस कमी पडू दिला नाहीस, हे मी बोलून दाखवत नाही, पण रोज मनात येतं. त्या गाडीत बसल्यावर तुला दाजी शेजारी असल्यासारखं वाटत असेल, तेही समजतं. म्हणूनच ती नीट करू, दोघं मिळून.

येत्या रविवारी ये. आक्का, सूनबाई आणि चिमी एसटीने येतील. तू तुझ्या मिस्त्रीला शेजारी बसवून सकाळी उजेडात गाडी आण. दुपारी आपल्या अंगणात उभी करून चालूच ठेवू. इथे पारा 42-43 ला गेलाय, ती बंद पडल्याशिवाय राहणार नाही. लॅम्प मी धरतो, सेल्फ तू मार. दोष सापडला नाही तर गाडी इथेच राहू दे, मी बघतो सावकाश, तू एसटीने जा. मामीने कळण्याचं पीठ दळून ठेवलंय, चिमीसाठी शेवभाजी कमी तिखट करणार आहे. जमलं तर चार दिवसांची रजा टाकून ये. तुला पाहून बरेच महिने झाले रे.

तुझा मामा