शंका-समाधान : आधी पाणी, मग मासे

घरच्या मत्स्यटाकीविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा शंका या वेळी घेतल्या आहेत. बहुतेक अडचणींचे मूळ एकच दिसते : मासे रंग पाहून आणले जातात आणि पाण्याचा विचार नंतर होतो.

शंका : मुलांच्या हट्टापायी दोन फुटी टाकी घेतली. पाणी आरशासारखं होतं. दुसऱ्याच दिवशी बारा मासे सोडले, आठवड्यात सात गेले. पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करायचे. सासूबाई म्हणतात, घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं. मला तर झोप लागत नाही. आमच्या हातून काय चुकलं? (एक वाचक, सातारा)

समाधान : मनातून अपशकुन काढून टाका. कारण पाण्यातच आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांना विषारी असतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर व खडीवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट (हेही विषारीच) आणि मग नायट्रेट (बरेच सौम्य, वनस्पती ते खतासारखे शोषतात) करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानात हे कोणी सांगितले नसेल, तर तुम्हाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

उरलेल्या पाच माशांसाठी रोज पाव टाकी पाणी बदला. खाद्य दिवसाआड, तेही चिमूटभर. नळाचे पाणी क्लोरीन घालवणारे औषध टाकूनच वापरा. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. तपासणी किटमध्ये अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की एका वेळी दोन-तीन मासे वाढवा.

शंका : आमच्याकडे बोअरचं पाणी. बादलीवर पांढरा थर बसतो. मुलीला निऑन टेट्रा हवेत. असल्या पाण्यात मासे जगतील तरी का? (एक वाचक, सोलापूर)

समाधान : जगतील, फक्त निवड पाण्याजोगी करा. तुमचे पाणी दुष्फेन (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले) दिसते. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांना ते चांगले मानवते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याकडून पाण्यात सोडले जातात, त्याच गप्पींचे हे रंगीत भाऊबंद. निऑन मात्र ॲमेझॉन खोऱ्यातल्या अगदी कमी क्षारांच्या पाण्यातला मासा आहे.

गप्पी घेताना फक्त नर घ्या. मादी नराचे बीज महिनोन्महिने साठवते आणि एकटी असली तरी दर महिन्याच्या सुमारास पिल्ले देते. नुसते आरओचे पाणी भरू नका. माशांना थोडे क्षार लागतातच.

शंका : आठ निऑन आणि दोन एंजल एकत्र गुण्यागोविंदाने राहत होते. आता रोज सकाळी एक निऑन कमी. पाण्यात मेलेलाही सापडत नाही. रोग पसरलाय का? (एक वाचक, डोंबिवली)

समाधान : तुम्ही सांगता त्यावरून हा रोग वाटत नाही. एंजल लहान होते तोवर निऑन त्यांच्या तोंडात मावत नव्हते, आता मावतात. यात एंजलचा दुष्टपणा नाही. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो त्याचे खाद्य ठरतो. उरलेले निऑन आजच वेगळे करा.

पुढच्या वेळी टाकीचे तीन मजले डोळ्यांपुढे ठेवा. अडीच फुटी, सुमारे 100 लिटरच्या टाकीत मधल्या पाण्यासाठी आठ हार्लेक्विन रासबोरा, तळाशी बारीक वाळूवर सहा कोरिडोरस आणि वर हनी गोरामीची एक जोडी शांतपणे राहते. थव्याने राहणारे मासे सहापेक्षा कमी ठेवले की बुजतात. गोल्डफिश यात नको : त्याला थंड पाणी हवे, शिवाय तो मोठा होतो आणि घाणही फार करतो.

शंका : जावा फर्नचं खोड वाळूत नीट पुरलं, तर ते काळं पडून कुजलं. क्रिप्टोकोरीनची पानं आठवड्यात विरघळली. दुसऱ्या फर्नच्या पानांमागे काळे ठिपके आलेत. माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत का? (एक वाचक, कोल्हापूर)

समाधान : हाताला दोष देऊ नका. जावा फर्न आणि अनुबियास यांचा मूलस्तंभ (मुळे व पाने फुटणारे आडवे खोड) वाळूत गाडला की कुजतो. तो लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने सैल बांधा. मुळे आपली आपण धरतात. पानामागे ओळीने आलेले उंचवट्यासारखे ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या. त्याच ठिकाणी इवली रोपेही फुटतात.

क्रिप्टोकोरीनला जागा बदललेली सोसत नाही. पाने गळाली तरी मुळे पांढरी व घट्ट असतील तर उपटू नका, काही आठवड्यांत नवी पाने येतील. दिवा रोज सात-आठ तास पुरे. त्याहून जास्त उजेडाने बहुधा शेवाळच वाढते.

शंका : टाकी साफ करताना बोट खरचटलं होतं. दीड महिना झाला, तिथे लालसर गाठ आहे, दुखत नाही पण जातही नाही. घरात लहान बाळ आहे. त्याला काही होईल का? (एक वाचक, नाशिक)

समाधान : पत्रावरून निदान करता येत नाही. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरी मत्स्यटाकी असल्याचे आवर्जून सांगा. टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूच्या गोत्रातला एक जिवाणू असू शकतो. तो जखमेतून शिरून अशी गाठ आणतो. तसे निघाले तर प्रतिजैविके (जिवाणू मारणारी औषधे) काही महिने घ्यावी लागतात. हा संसर्ग माणसाकडून माणसाला लागत नाही, म्हणून बाळाला जवळ घेण्यात भीती नाही. तोवर टाकीत हात घालू नका. पुढेही जखम असेल तर लांब रबरी हातमोजे घाला.

शंका : काच साफ करतो म्हणून दोन इंचांचा सकर आणला, तो आता फूटभर झालाय. रात्री झाडं उपटतो. मारवत नाही. नदीत सोडला तर पुण्यच लागेल ना? (एक वाचक, पुणे)

समाधान : तुमची दया खरी आहे, पण नदीत मात्र सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. भारतातल्या अनेक तलावांत तो असाच टाक्यांमधून पोचला आहे. तिथे तो काठ पोखरतो, स्थानिक माशांचे अन्न संपवतो आणि त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात. दुकानदाराला परत घेण्याची विनंती करा किंवा मोठी टाकी असलेला हौशी पालक शोधा. काहीच जमले नाही तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

सर्वच वाचकांना विनंती : टाकीतला मासा किंवा वनस्पती, कितीही लहान असो, नदीत, विहिरीत वा तलावात सोडू नका.