ढोल्याला आधी सांग

वाई, रविवार

चि. सोन्या,

गुरुवारी साताऱ्याला एका बारशाला गेलो होतो. तिथं तुमच्या बँडमधल्या ढोल्याची आई भेटली. एरवी लांबूनच हाक मारणारी बाई, पण या वेळी ताट घेऊन गुपचूप माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “भाऊ, आमच्या पोराचं काही चुकलं का हो?” मला कशाचाच पत्ता नव्हता. मग तिनं फोनवर ते पोस्टर दाखवलं. काळ्या रंगावर तू एकटा, गळ्यात गिटार, खाली डिसेंबरची तारीख. तुझं नाव हे एवढं मोठं, बँडचं नाव कुठंच नाही. ढोल्यानंही ते तिच्यासारखंच फोनवर पाहिलं म्हणे. त्या दिवशी तो जेवला नाही.

खरं आहे का हे? एकट्यानं गायचं तुझ्या मनात आहे, हे गेल्या दिवाळीत तू माझ्याजवळ बोलला होतास. तेव्हा मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आजही त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला एवढंच विचारायचंय, की ढोल्याला हे तू स्वतःच्या तोंडानं सांगितलंस का?

त्याच संध्याकाळी तुला फोन केला तर म्हणालास, “मामा, फ्रेडीनंही सोलो केलंच की.” आणि साउंडचेक आहे म्हणून फोन ठेवलास. म्हणून आता पत्र लिहितोय. पत्राच्या मध्ये साउंडचेक येत नाही.

फ्रेडीचं नाव माझ्यापुढं काढताना जरा जपून काढावं. तू सातवीत असताना तुला पाचगणीला नेऊन सेंट पीटर्सचं फाटक दाखवणारा मीच. झांझिबारचा फरोख बलसारा, म्हणजे पुढं क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी, इथल्या वसतिगृहात वाढला, शाळेतल्या पोरांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड त्यानं इथंच केला, आणि त्यात तो पुढं उभा राहून गात नव्हता, पियानोवर बसत होता, हे सगळं तुला तिथल्या तिथं सांगितलं होतं. त्यातलं तुझ्या लक्षात काय राहिलं, तर २०१८ चा तो सिनेमा. त्यात फ्रेडी सोलोचा करार करतो, बँड फुटतो, बरीच वर्षं कुणी कुणाचं तोंड बघत नाही आणि मग लाइव्ह एडच्या मोठ्या कार्यक्रमाला सगळे गळ्यात गळे घालतात. थिएटरात तू रडलास, मीही रडलो. पण मी जन्मभर बँकेत तारखा आणि सह्या तपासल्या आहेत. घरी येऊन तारखा जुळवल्या, तर जुळेनात.

क्वीनमध्ये सोलो अल्बम पहिल्यांदा काढला तो ड्रमरनं, रॉजर टेलरनं, १९८१ मध्ये. १९८३ मध्ये ब्रायन मेनं एडी व्हॅन हेलनला घेऊन आपली छोटी रेकॉर्ड काढली. फ्रेडीचा ‘मिस्टर बॅड गाय’ आला १९८५ च्या एप्रिलात, म्हणजे त्याचा नंबर तिसरा. म्युनिकला त्याचं काम अधूनमधून दोन वर्षं चाललं होतं आणि त्याच काळात १९८४ मध्ये क्वीनचा ‘द वर्क्स’ही निघाला. १९८५ च्या मे महिन्यात हे चौघं जपानात एकत्र वाजवत होते आणि १३ जुलैला वेम्बलीवर लाइव्ह एडला उभे राहिले. कुठं फुटला बँड? त्यानं सोलो केलं, पण चोरून केलं नाही. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेला, अमेरिकेत त्याला फारसं कुणी विचारलं नाही, आणि पुढच्या वर्षी तो त्याच तिघांबरोबर पुन्हा दौऱ्यावर होता. तेव्हा फ्रेडीचा दाखला द्यायचाच असेल तर पुरता दे.

आणि बँड सोडूनच जायचं असेल, तर त्याचाही दाखला आहे. पीटर गॅब्रिएल. तुझ्याच खोलीत मी त्याची गाणी ऐकली आहेत. १९७४ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेचा दौरा नुकता सुरू झालेला असताना, क्लीव्हलंडला त्यानं जेनेसिसमधल्या सोबत्यांना सांगून टाकलं की हा दौरा संपला की मी निघणार. तिथून पुढं १९७५ च्या मेपर्यंत एकेक कार्यक्रम त्यानं निभावून नेला. लोकांना ते कळलं त्यानंतर. आधी घरात, मग गावात. तो गेल्यावर मागं राहिलेल्यांनी नवा गायक शोधशोध शोधला आणि शेवटी माइक गेला ड्रमरकडं, फिल कॉलिन्सकडं. पुढं काय झालं ते जगाला ठाऊक आहे. त्यामुळं तुझ्यावाचून यांचं कसं होईल ही काळजी मला अजिबात नाही. ढोल्याचा आवाज तू कधी नीट ऐकलायस का? आरतीला ऐक.

पण मला सांगायची आहे ती पुढची गोष्ट. १९८२ मध्ये गॅब्रिएलनं देशोदेशीच्या संगीताचा ‘वोमॅड’ महोत्सव भरवला. कलेच्या अंगानं उत्तम झाला, पैशात साफ बुडाला. देणेकरी दारात. तेव्हा धावून कोण आलं? ज्यांना सोडून तो गेला होता, ते. २ ऑक्टोबर १९८२ ला मिल्टन कीन्सच्या मैदानात, भर पावसात, जेनेसिसची जुनी मंडळी त्याच्यासाठी एक रात्र पुन्हा उभी राहिली आणि त्याचं देणं भागवायला हातभार लावला. उद्या तुझ्यावर कर्ज होईल म्हणून आज ढोल्याला जप, असं मी म्हणत नाही. असला हिशेब आपल्या घरात कुणी करत नाही. मी म्हणतोय ते इतकंच, की हे लोक सात वर्षांनीही येऊ शकले, कारण जाणाऱ्यानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

तू सांगितलंस का?

आमच्या ऑर्केस्ट्राच्या गोष्टी तू पुष्कळ ऐकल्यास. एक सांगायची राहून गेली. आमचा किशोरकुमार म्हणणारा गायक, त्याचं नाव आता घेत नाही, गळा खरोखर मुंबईचा होता. गणपतीचे दिवस, कऱ्हाडच्या मंडळाची सुपारी घेतलेली, सामान टेम्पोतून उतरलेलं, कॉंगो लागलेले. मंडळाचा कार्यकर्ता येऊन म्हणतो, “तुमचा गायक कालच मुंबईला गेला, तुम्हाला ठाऊक नाही?” निवेदकानं चुटके सांगून वेळ मारून नेली. कॉंगोवाल्यानं दोन गाणी म्हटली, मी उरलेला सगळा वेळ अकॉर्डियनवर धुना वाजवल्या. लोकांनी काही दगड मारले नाहीत. बिदागीही मिळाली. पण परतताना टेम्पोत कुणी कुणाशी बोललं नाही, आणि पुढच्या गणपतीला ऑर्केस्ट्रा नव्हता. त्याचं जाणं चूक नव्हतं रे. नुसतं सांगितलं असतं, तर आम्ही सगळे त्याला एसटी स्टँडवर पोचवायला गेलो असतो, हार घालून.

आणि त्याच सुमारास मलाही मुंबईहून एका वादकानं बोलावलं होतं, हे तुझ्या आईलासुद्धा ठाऊक नाही. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वादक लागत होते. बँकेची ऑर्डर हातात होती. तुझे आजोबा जा म्हणाले नाहीत, जाऊ नकोसही म्हणाले नाहीत. मी त्यांच्या गप्प बसण्याचा मला सोयीचा अर्थ लावला. नोकरीनं सगळं दिलं, मी उपाशी राहिलो नाही. पण अजून एखाद्या जुन्या गाण्यात अकॉर्डियन आलं की मामी न सांगता रेडिओचा आवाज वाढवते. तेव्हा तू निघालायस याचा मला राग येईल, असं मनातही आणू नकोस. दिवाळीत मी गप्प बसलो, ते तुला ‘नाही’ वाटू नये म्हणून आज लिहून देतो: जा.

फक्त हिशेब पुरे करून जा. तुमची जी अकरा गाणी आहेत, त्यातले शब्द कुणाचे आणि चाल कुणाची हे चौघांनी एकत्र बसून कागदावर लिहा, खाली सह्या करा. कायद्यानं शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, चालीचा बांधणाऱ्याचा, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्यानं पुढाकार घेऊन ते घडवून आणलं त्याचा. हे तीन वेगळे कप्पे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द आणि चालीच्या रॉयल्टीचा वाटा असा सहज लिहून देऊन टाकता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था आहे आयपीआरएस, तिचं सभासदत्व घेतलं नसशील तर घे, आणि ढोल्यालाही घ्यायला लाव. ‘पायवाट’चा ठेका त्यानं बांधला आणि त्यावर तुला चाल सुचली, हे मी आमच्या ओसरीवर डोळ्यांनी पाहिलंय. क्वीनमध्येही याच गोष्टीवरून कुरबुरी झाल्या. १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ड्रमरचं गाणं होतं, आणि रेकॉर्ड एकच असल्यामुळं मागच्या बाजूलाही पुढच्या इतकाच पैसा मिळाला. शेवटी १९८९ च्या अल्बमला त्यांनी शहाणपण केलं, गाणं कुणाचंही असो, नावं चौघांची. तुम्ही एवढं थांबू नका. बँडचं नाव त्यांच्याकडं राहू दे. डिसेंबरच्या आधीच्या कॉलेजांच्या सुपाऱ्या घेतल्या असतील तर त्या वाजव, हसून वाजव, आणि मग नीघ.

फार बोललो का? तुझी आई म्हणते मी तुला लहानपणापासून फक्त दोनच वेळा रागावलो, आणि दोन्ही वेळा नंतर आइस्क्रीमला नेलं.

खरी भीती निराळी आहे, आता सांगून टाकतो. बँडमध्ये कार्यक्रम पडला तर तुम्ही चौघं रात्री गाडीवर भुर्जीपाव खाता, साउंडवाल्याच्या नावानं बोटं मोडता, आणि सकाळी ते विसरलेलं असतं. आता वादक येतील ते पैसे घेऊन. चांगले असतील, वेळेवर येतील, सांगशील ते वाजवतील. पण “हे कडवं भिकार झालंय, काढून टाक” असं तुला तोंडावर म्हणणारा त्यांत कोण असणार? ते ढोल्या म्हणायचा. आणि कार्यक्रम पडला, तर ते आपापल्या रिक्षानं घरी जातील आणि तू त्या कोथरूडच्या खोलीत एकटा. ढोल्याला सांग, सांग असं मी पत्रभर म्हणतोय, ते त्याच्यासाठी आहे तितकंच तुझ्यासाठी. तो माणूस तुझ्याजवळ राहायला हवा आहे मला. बँडमध्ये नाही राहिला तरी चालेल.

तो चिडेल. शिव्या देईल. देऊ दे, ऐकून घे, आणि त्याच्या घरी जा, फोनवर नको. त्याच्या आईच्या पाया पड. ती लगेच चहा टाकेल, मला माहीत आहे.

आणि गळा सांभाळ. दोन रात्री जागलास की वरचा ‘सा’ चढा लागतो तुझा, लहानपणापासूनची खोड आहे. रात्री भीती वाटली तर आईला फोन करू नको, ती सकाळपर्यंत येरझाऱ्या घालते. मला कर. मी असाही तीनला जागाच असतो.

डिसेंबरला मी आणि मामी येणार, तिकीट काढून. फुकटचे पास कुणा विद्यार्थ्याला दे. मला आता फार वेळ उभं राहवत नाही, पण तिथल्या पोरांकडून एखादी खुर्ची मागून घेईन, लाज कसली.

ढोल्याशी बोलणं झालं की कळव. नाही झालं तरी वाईला येऊन जा. मामीनं साजूक तूप कढवलंय, आणि तू आल्याशिवाय पुरणपोळी करायची नाही असं तिनं ठरवलंय, त्यात माझी उपासमार होतेय.

तुझा,
मामा

ता. क. तुझ्या खात्यात थोडे पैसे टाकले आहेत. मामीला माहीत आहे, तुझ्या आईला नाही. वादकांचे पैसे त्यातून दे, आणि कार्यक्रमाच्या रात्रीच दे, दुसऱ्या दिवसावर ढकलू नको. उरले तर बूट घे. पोस्टरवरचे अगदीच फाटलेत.