वर्गकुंडली मांडण्याआधी

सणसवाडीत माझ्यासमोर येणारं टिपण बरेचदा बाहेरगावचं असतं. कारखान्यांमुळे मराठवाडा-विदर्भातली कुटुंबं इथे स्थिरावली, लेकरांच्या पत्रिका इथेच होऊ लागल्या. नुसत्या राशीवर कुणाचं समाधान होत नाही, ‘नवमांशही बघा ना’ असा आग्रह असतो. त्यातून पक्क्या झालेल्या काही गोष्टी.

१. राशी ३० अंशांची. तिचे दोन भाग म्हणजे होरा, तीन म्हणजे द्रेष्काण, नऊ म्हणजे नवमांश. पराशरी पद्धतीत असे सोळा वर्ग आहेत, अगदी साठ भागांच्या षष्ट्यंशापर्यंत. नवमांश हातात बसेपर्यंत बाकीच्यांच्या मागे लागू नये.

२. नवमांश आणि नक्षत्राचा चरण एकाच मापाचे, ३ अंश २० कलांचे. चंद्र वृषभेत १४ अंशांवर असेल तर रोहिणीचा दुसरा चरण येतो, नावाचं अक्षर ‘वा’. वृषभेचे नवमांश मकरेपासून मोजायचे. पाचवा पुन्हा वृषभच, म्हणून हा चंद्र वर्गोत्तम. बारशाला अक्षर विचारणाऱ्या आजीला नवमांश असा लगेच उमगतो.

३. सगळ्यात जास्त वेळ जन्मवेळेवर घालवावा. लग्नराशी साधारण दोन तासांनी बदलते, लग्नाचा नवमांश सरासरी १३ मिनिटांत आणि षष्ट्यंश दोन मिनिटांत. ‘पहाटे, पाणी भरायच्या वेळी’ एवढ्यावर नवमांश लग्न मांडणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. चंद्राला मात्र एक नवमांश ओलांडायला सुमारे सहा तास लागतात. तो सीमेवर नसेल तर अशा वेळीही निश्चिंतपणे सांगता येतो. मी टिपणावर वेळेपुढे ती कुठून आली तेही लिहितो: दवाखान्याचं कार्ड, चुलतीची आठवण, वडिलांची पाळी सुटण्याची वेळ.

४. जन्मगाव पुणे धरलं की सणसवाडी, यात स्थानिक वेळेचा फरक मिनिटभराचा. नवमांशाला तो सहसा बाधत नाही, षष्ट्यंशाला बाधतो.

५. नवमांशातला ग्रह नीचेचा दिसला म्हणून जुळत आलेलं स्थळ मोडू नये. मूळ कुंडलीतलं त्याचं बळ आधी बघावं. वर्ग त्या फळाला पुष्टी देतो किंवा उणेपण दाखवतो, स्वतंत्र निकाल देत नाही. मुलीच्या बापाला हे मी दोनदा समजावतो, कारण घरी जाईपर्यंत त्याच्या मनात ‘नीच’ एवढाच शब्द उरतो.

६. पंचांग कोणतं ते विचारावं. दाते पंचांग चित्रापक्षाचं, टिळक पंचांग रैवतपक्षाचं. दोघांच्या अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे एका नवमांशाहून जास्त. वर सांगितलेला चंद्र टिळक पंचांगात १८ अंशांच्या आसपास जातो: रोहिणीचा तिसरा चरण, अक्षर ‘वी’, नवमांश मिथुन. वर्गोत्तमपण गेलं. पंचांगं दोन्ही अभ्यासकांचीच आहेत, पण गुणमेलनासाठी वधूची पत्रिका एकावरची आणि वराची दुसऱ्यावरची आली, तर आधी दोन्ही एकाच अयनांशावर नव्याने मांडाव्यात. तासभर मोडतो, मोडू द्यावा.