हत्यारांची खतावणी

आपल्या व्यापारी घराण्यांतील पुढील पिढीपैकी काही मुले पेठेतील गादीवर न बसता उद्यमबागेतील कारखानदारीकडे वळली आहेत. बेळगावचा ओतकामाचा व यंत्रकामाचा धंदा जुना आणि नावाजलेला असल्यामुळे यात नवल नाही. यंत्राची किंमत, बँकेचा हप्ता, विजेचे बिल आणि कामगारांचा पगार या बाबी आम्हां वडीलधाऱ्यांस समजतात व त्यांवर आम्ही मतही देतो. परंतु ज्या एका वहीवर त्या महागड्या यंत्राचे बरेवाईट अवलंबून असते, ती संगणकात असल्यामुळे आपल्या नजरेस पडत नाही. त्या वहीस कारखान्यात ‘टूल लायब्ररी’ म्हणतात. प्रस्तुत लेखक धान्याचा घाऊक व्यापारी असून त्याचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले आहे. पुतण्याच्या कारखान्यात बसून, तेथील प्रोग्रामर व ऑपरेटर यांना विचारून जे समजले, ते आपल्या बंधुभगिनींस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडले आहे.

सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारे यंत्र. या पद्धतीचा उगम अमेरिकेतला. मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करीत असता आकड्यांच्या आधारे यंत्र हलविण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकन वायुदलाने पैसा पुरविला आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत असे मिलिंग यंत्र चालवून दाखविण्यात आले. तेव्हा आज्ञा भोके पाडलेल्या फितीवरून दिल्या जात. आज प्रोग्रामर संगणकावर वस्तूची आकृती उघडतो, कोणत्या जागी कोणते हत्यार चालवावयाचे ते ठरवितो, आणि त्यावरून तयार झालेल्या आज्ञांची यादी यंत्राकडे जाते. त्या यादीत ‘टी ५ एम ०६’ असे आले की यंत्राने पाच क्रमांकाचे हत्यार उचलून स्पिंडलमध्ये बसवावयाचे.

येथेच सर्व मर्म आहे. पाच क्रमांकाचे हत्यार कसे आहे हे प्रोग्राम लिहिणाऱ्या संगणकास दिसत नाही. त्याच्याजवळ असते ती फक्त नोंद. नोंदीत १० मि.मी. व्यासाचे हत्यार लिहिले असेल, तर १० मि.मी. धरूनच तो सारा मार्ग आखतो. यंत्रात प्रत्यक्षात ९.८ चे बसविले असले तरी त्यास त्याचा पत्ता नसतो. गोदामात माल न पाहता केवळ खतावणीवरून सौदा करणाऱ्या मुनिमासारखी त्याची स्थिती असते. आपला मुनीम निदान संशय आला तर माणूस पाठवून पोती मोजून घेतो.

आता या नोंदीत काय काय असते ते पाहू. हत्याराची जात (एंडमिल, ड्रिल, टॅप, बोरिंग बार, लेथवरील इन्सर्ट), व्यास, धारांची संख्या, कापणाऱ्या भागाची लांबी, एकंदर लांबी, दांड्याचा व्यास, टोकाच्या कोपऱ्याची गोलाई, हत्यार हायस्पीड स्टीलचे की कार्बाइडचे, ते कोणत्या होल्डरमध्ये बसते, होल्डरच्या बाहेर किती मि.मी. राहते, यंत्रातील त्याचा क्रमांक, आणि कोणत्या धातूसाठी किती फेरे व किती फीड. इतका तपशील भरणे मुलांस कंटाळवाणे वाटते व पुष्कळ ठिकाणी व्यास आणि क्रमांक एवढेच भरून बाकीच्या जागी संगणकाने स्वतः घातलेले आकडे तसेच राहू देतात. माझ्या मते हा आळस सर्वांत महाग पडतो, कारण रिकामी जागा डोळ्यांस खुपते, पण भरलेला खोटा आकडा खरा वाटतो.

धारांच्या संख्येचेच उदाहरण घ्या. १० मि.मी. चे, चार धारांचे कार्बाइड एंडमिल आहे आणि धातू मिनिटाला १०० मीटर या वेगाने कापावयाचा आहे. मीटरांचे मि.मी. करून त्यांस हत्याराच्या परिघाने, म्हणजे ३१.४ ने, भागिले असता मिनिटाला सुमारे ३,१८३ फेरे येतात. प्रत्येक धारेने एका फेऱ्यात ०.०५ मि.मी. धातू घ्यावा असे ठरविले, तर ३,१८३ गुणिले ४ गुणिले ०.०५ मिळून मिनिटाला ६३७ मि.मी. फीड येते. हा हिशेब संगणक आपण होऊन करतो. आता कपाटात दोन धारांचे हत्यार शिल्लक होते म्हणून ऑपरेटरने तेच लावले. व्यास तोच, क्रमांक तोच, प्रोग्रामही तोच. परंतु जे काम चौघांचे होते ते दोघांवर आले व प्रत्येक धारेस ०.०५ ऐवजी ०.१ मि.मी. धातू घ्यावा लागला. मऊ अॅल्युमिनियमवर कदाचित निभावेल, कठीण पोलादावर हत्यार मोडण्याचा संभव फार. मग दोष हत्याराच्या विक्रेत्यास दिला जातो.

ड्रिलचे टोक हा दुसरा विषय. साध्या हायस्पीड ड्रिलच्या टोकाचा कोन बहुधा ११८ अंश असतो, तर कार्बाइडच्या पुष्कळ ड्रिलांचा १४० अंश. १० मि.मी. व्यासाच्या ड्रिलचे शंकूसारखे टोक पहिल्या प्रकारात ३ मि.मी. लांब भरते व दुसऱ्यात १.८ मि.मी. पूर्ण व्यासाचे भोक अमुक खोलीपर्यंत हवे असेल तर संगणक टोकाची लांबी त्यात मिळवून ड्रिल तितके जास्त खाली नेतो. नोंदीत १४० अंश आणि यंत्रात ११८ अंश असे झाले की पूर्ण व्यासाचे भोक १.२ मि.मी. कमी खोल राहते. त्यामागून आटे पाडणारा टॅप येतो, त्यास खाली जागा मिळत नाही आणि तो भोकातच मोडतो. मोडलेला टॅप काढणे किती कष्टाचे असते हे ज्याने पाहिले आहे त्यास अधिक सांगणे नलगे.

लेथवरील इन्सर्टवर सीएनएमजी १२०४०८ असा मार्का असतो. आपल्या पोत्यांवरील मार्क्याप्रमाणे तो वाचता येतो. पहिले अक्षर ८० अंशांचा शंकरपाळ्यासारखा आकार सांगते, १२ म्हणजे धारेची लांबी सुमारे १२ मि.मी., ०४ म्हणजे जाडी (प्रत्यक्षात ४.७६ मि.मी.), आणि शेवटचे ०८ म्हणजे नाकाची गोलाई ०.८ मि.मी. शेवटी ०४ असलेला इन्सर्ट दिसावयास जवळजवळ तसाच, पण त्याचे नाक ०.४ चे. एका फेऱ्यास ०.२ मि.मी. फीड ठेवले तर ०.८ च्या नाकाने पृष्ठभागावर पडणाऱ्या खरांची उंची हिशेबाने ६.२५ मायक्रॉन येते, ०.४ च्या नाकाने ती दुप्पट, १२.५ मायक्रॉन. शिवाय उतरत्या व गोल भागांची मापेही चुकतात. गिऱ्हाइकाने माल परत केल्यावर घरातील वडील माणसे कामगारावर रागावतात. कामगाराने दिलेल्या डबीतील इन्सर्ट लावलेला असतो, आणि ०८ व ०४ हा फरक त्यास कोणी सांगितलेला नसतो.

होल्डरच्या बाहेर हत्यार किती राहते, ज्यास कारखान्यात ‘ओव्हरहँग’ म्हणतात, त्याची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हत्यार जितके बाहेर तितके ते वाकते, आणि हे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३० मि.मी. ऐवजी ६० मि.मी. बाहेर ठेवले तर तेवढ्याच जोराने ते आठपट वाकेल. ३० च्या जागी ४० केले तरी सुमारे २.४ पट. उलट बाजूने, नोंदीत ६० लिहून प्रत्यक्षात ४० च बाहेर ठेवले तर हत्यार वाकणार नाही, पण खोल खड्ड्यात उतरताना होल्डरच वस्तूवर आदळेल. संगणकाच्या पडद्यावर प्रोग्राम आधी चालवून पाहण्याची सोय असते व तेथे टक्कर होणार असेल तर लाल खूण दिसते. मात्र ती परीक्षा नोंदीतील होल्डर व नोंदीतील लांबी घेऊनच होते. होल्डर नोंदविलाच नसेल तर त्याची टक्कर पडद्यावर कोठून दिसणार? ‘पडद्यावर सर्व ठीक होते’ हे वाक्य मी एकाहून अधिक कारखान्यांत ऐकले आहे. स्पिंडलला जोराचा धक्का बसला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते, आणि ती दुरुस्ती हत्याराच्या किमतीत होत नसते.

नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो दोन वह्यांमुळे. एक वही प्रोग्रामरच्या संगणकात, दुसरी यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर. या दुसरीस ऑफसेटचे पान म्हणतात. हत्यार बसविल्यावर त्याची खरी लांबी मोजून ऑपरेटर ती या पानावर लिहितो व प्रोग्राममधील जी ४३ ही आज्ञा तेथून ती उचलते. झीज झाली की शतांश मि.मी. ची दुरुस्तीही येथेच होते. लांबीचा शेवटचा शब्द यंत्रावरील मोजमापाचा असावा व हत्याराच्या जातीचा, धारांचा व होल्डरचा शेवटचा शब्द लायब्ररीचा असावा, अशी वाटणी स्पष्ट पाहिजे. त्रिज्येच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक. काही ठिकाणी संगणक त्रिज्या धरूनच मार्ग आखतो व यंत्राच्या पानावर केवळ झिजेचा फरक लिहावयाचा असतो. काही ठिकाणी यंत्राच्या पानावर पूर्ण त्रिज्या लिहितात. दोन्ही रीती चालतात. एकाच कारखान्यात दोन्ही चालू असल्या तर एखादे दिवशी त्रिज्या दोनदा धरली जाईल आणि वस्तू ५ मि.मी. ने चुकेल.

नकलांचा प्रश्न याहून निराळा. आज प्रचारात असलेल्या पुष्कळ प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरांत मूळ लायब्ररीतून हत्यार निवडले की त्याची नक्कल त्या कामाच्या फाइलमध्ये उतरते. पुढे मूळ नोंद सुधारली तरी जुन्या फाइलमधील नक्कल आपोआप सुधारत नाही. दोन वर्षांनी तेच काम पुन्हा आले की जुनीच नक्कल जुन्या फीडसह चालू लागते. भावपत्रक बदलल्यावर जुन्या प्रती बाजारातून परत मागविल्या नाहीत तर काय होते हे आपणांस ठाऊक आहेच. म्हणून जुने काम उघडताच त्यातील हत्यारे मूळ लायब्ररीशी ताडून पाहण्याचा नियम हवा. मूळ लायब्ररीही एकच असावी व ती सर्वांनी वापरावी, परंतु बदलण्याचा अधिकार एका माणसाकडे असावा. एका कारखान्यात तीन प्रोग्रामरांनी एकाच १० मि.मी. एंडमिलच्या सात नोंदी केलेल्या मी पाहिल्या. त्यांची नावे ‘१० नवी’, ‘१० चांगली’ अशा थाटाची होती. नावात जात, व्यास, धारा, कापण्याची लांबी व होल्डर हे ठरलेल्या क्रमाने आले तर अशी पाळी येत नाही.

क्रमांकाचीही अशीच शिस्त पाहिजे. यंत्राच्या साठवणीत २४ जागा असतील तर नेहमी लागणारी सोळा-सतरा हत्यारे कायमच्या क्रमांकावर ठेवावी व उरलेल्या जागा कामानुसार बदलाव्या. पाच क्रमांक म्हणजे अमुकच, हे ऑपरेटरच्या तोंडी बसले की निम्मी भांडणे मिटतात. धार लावून आलेले एंडमिल मात्र जुन्या क्रमांकावर परत जाऊ देऊ नये. त्याचा व्यास ९.८ झाला असेल तर प्रत्येक भिंतीवर ०.१ मि.मी. धातू शिल्लक राहील. त्यास वेगळी नोंद व वेगळे नाव द्यावे, किंवा खडबडीत कामास लावावे.

हत्यारांची माहिती संगणकांत एका ठराविक पद्धतीने लिहिली जावी यासाठी आयएसओ १३३९९ हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आहे व मोठे उत्पादक आपल्या हत्यारांच्या तयार नोंदी पुरवितात. त्यामुळे मापे टंकण्याचा त्रास वाचतो. पण कॅटलॉगातील वेग व फीड हे त्यांच्या परीक्षणाच्या परिस्थितीतले असतात. आपल्याकडील ओतीव मालाच्या सालीवर वाळूचे कण असतात, एका खेपेचा माल मऊ तर दुसऱ्या खेपेचा कठीण लागतो. म्हणून पहिल्या दिवशी कॅटलॉगचा आकडा घ्यावा, आणि काम चालवून जो आकडा टिकला तो धातूचे नाव व तारीख घालून लायब्ररीत लिहावा. बिडासाठी एक, नरम पोलादासाठी दुसरा, अॅल्युमिनियमसाठी तिसरा. जुन्या ऑपरेटरच्या कानास हे आकडे ठाऊक असतात. आवाज ऐकून तो फीड कमी करतो व घरी जातो, आणि वहीत जुनाच आकडा राहतो.

एका परिचित कुटुंबात असे घडले की प्रोग्रामरने नोकरी सोडली व लायब्ररी त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होती. त्याने काही लपविले नाही, मागितल्यावर फाइल दिलीही. परंतु तोवर आठवडाभर दोन यंत्रे उभी होती, हप्ता मात्र चालूच. तेव्हा मुलगा कर्जाच्या कागदावर सही मागावयास आला तर वडिलांनी एवढे अवश्य विचारावे की लायब्ररीची फाइल कोणाच्या संगणकात आहे, तिची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची कधी घेतली.

आमच्या पुतण्याकडे महिन्यातून एकदा यंत्र थांबवून साठवणीतील सर्व हत्यारांची मोजदाद होते. एकजण छापलेली यादी वाचतो, दुसरा हत्यार काढून व्हर्नियरने व्यास व बाहेरची लांबी मोजतो, धारा मोजतो, इन्सर्टवरील मार्का मोठ्याने सांगतो, आणि फरक निघाला तर तिसरा त्या ओळीस लाल शाईने खूण करतो. चोवीस हत्यारांस सुमारे दीड तास लागतो. मी त्या दिवशी तेथे असलो तर यादी वाचण्याचे काम मजकडे असते.