भेंड्या खेळून व्याकरण पक्के होते का?

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. शनिवारी मराठीच्या तासाला त्यांच्या वर्गात दोन गट पाडून शब्दांच्या भेंड्या आणि व्याकरणाचे खेळ घेतात. घरी आल्यावर ‘आज आम्ही जिंकलो’ हे मोठ्याने सांगतो. पण काय शिकलास म्हटले की गप्प. याला अभ्यास म्हणायचे की टाइमपास?
– एक पालक, मुर्री (जि. गोंदिया)

उत्तर : मुलगा गप्प बसतो यात त्याचा फारसा दोष नाही, प्रश्नच थोडा चुकतो आहे. असल्या खेळात नवीन काही शिकवत नाहीत. जे शिकवायचे ते आठवडाभरात फळ्यावर होऊन गेलेले असते. शनिवारी ते डोक्यातून बाहेर काढायला लावतात. तेव्हा ‘काय शिकलास’ याऐवजी ‘आज कुठला शब्द अडला’ असे विचारून पाहा. बहुधा लगेच उत्तर मिळेल, आणि कोणामुळे हरलो तेही कळेल.

आता बाहेर काढण्याने काय साधते? आपल्याकडे पक्की समजूत अशी की धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो पाठ होतो. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि आपल्याला तो येतो असा भास होतो. पण ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून नंतर कागदावर आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आठवण्याची खटपट हीच उजळणी असते, आणि ‘शब्द सांग, नाहीतर गुण गेला’ म्हणणारा खेळ ती खटपट मुलांकडून रडारड न होता करून घेतो.

मात्र एवढ्यावरून सगळेच खेळ सारखे उपयोगी ठरत नाहीत. खेळातली चाल जे मागते तेवढ्याचीच उजळणी होते, त्यापलीकडे नाही. भेंड्यांचेच पाहा. शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द सांगायचा, एवढीच त्यात अट. अर्थ कोणी विचारत नाही, शब्द वाक्यात वापरायला कोणी लावत नाही. साहजिकच मुले तोंडात बसलेले शब्द फेकतात : कमळ, नदी, दगड, डबा. गेल्या आठवड्यात धड्यात आलेला अवघड शब्द ‘क’वरून सुरू होत असला तरी ‘कप’ म्हणून सुटका होतेच.

त्यात आणखी एक गंमत. मराठी शब्द ‘ळ’ किंवा ‘ण’ने सुरू होत नाहीत. म्हणून मुले ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘ण’ला ‘न’ चालवून घेतात. पण शब्दकोशातली आपली सगळी क्रियापदे ‘णे’ने संपतात : करणे, धावणे, शिवणे. एखाद्या गटाने हे हेरले की तो क्रियापदांचा मारा सुरू करतो आणि समोरच्यांना दर वेळी ‘न’च येतो. नाक, नख, नारळ, नवरा संपले की भांडण. तुमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. झाडीबोलीत ‘ळ’ आणि ‘ण’ सहसा उच्चारात येतच नाहीत. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचे पानी. घरी फळाला ‘फर’ म्हणणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो शब्द ‘र’नेच संपतो, आणि त्याच्या कानाने तो बरोबर आहे. शिक्षकांनी खेळाआधी एवढेच सांगावे की आज फळ्यावर लिहितो ते अक्षर धरायचे. बोलीला हसायचे काही कारण नाही.

थोडक्यात, भेंड्या मुलांना बोलते करायला छान. त्यांच्यावर व्याकरणाचा भार टाकू नये.

व्याकरणासाठी चाल वेगळी हवी. लिंग घ्या. गोंदियाच्या बाजारात हिंदी सतत कानावर पडते, त्यामुळे मुलांची गल्लत होणारी जागा ठरलेली असते. आवाज, पतंग मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. पुस्तक आणि दही आपल्याकडे नपुंसकलिंगी; हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आणि दही पुल्लिंगी, कारण तिथे तिसरे लिंगच नाही. शिक्षकांनी शब्द टाकायचा आणि गटाने ‘तो, ती, ते’ सांगायचे, हा खेळ बहुतेक वर्गांत होतो. त्यात खोट अशी की डोळे मिटून सांगितले तरी तीनातले एक उत्तर बरोबर येऊ शकते. त्यापेक्षा शब्दाआधी विशेषण लावायला सांगावे. तेही जपून, कारण मुले हुशार असतात. ‘आंबट दही’, ‘लाल पतंग’ म्हणून निसटतात. या विशेषणांचे रूप लिंगाप्रमाणे बदलतच नाही. ‘पांढरे दही’, ‘मोठा पतंग’ म्हणायला लावले की लिंग उघडे पडते.

सामान्यरूपासाठी, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे रूप बदलते त्यासाठी, मला रुमाल पळवण्याचा खेळ सर्वांत आवडतो. पटांगणात मधोमध रुमाल, दोन्ही बाजूंना गट, प्रत्येक गटात एक ते पंधरा क्रमांक. शिक्षकांनी पुकारायचे : ‘सात, विहीर!’ दोन्हीकडचे सात क्रमांक धावतात. रुमाल उचलणाऱ्याने त्या शब्दाला ‘त’ प्रत्यय लावून तो फळ्यावर लिहायचा. ‘विहिरीत’ लिहिले तर गुण, ‘विहीरीत’ लिहिले तर संधी दुसऱ्याला. उपांत्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो हा नियम दहा वेळा घोकून घेण्यापेक्षा इथे लवकर अंगवळणी पडतो. मधेच ‘शरीर’ टाकावा. तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ‘शरीरात’ दीर्घच राहतो. धावण्यात पहिले येणारे इथे हमखास ठेचकाळतात, आणि वर्गातल्या सावकाश मुलांना त्याचा मनापासून आनंद होतो.

या खेळात क्रमांक आहेत ते उगीच नाहीत. गट पाडला की दोन-तीन चुणचुणीत मुले उत्तरे देतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात, हा गटखेळांचा जुना दोष आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ साली माणसांच्या ओढण्याच्या ताकदीविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच दोराला माणसे वाढत गेली की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी कमी होत जातो, असे त्याला दिसले. याचे एक कारण सगळ्यांचा झटका एका क्षणी बसत नाही हे; दुसरे, दुसरा ओढतोच आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. वर्गातही तेच. पण आपला क्रमांक कधीही पुकारला जाईल हे माहीत असले की मागच्या बाकावरचाही मनातल्या मनात ‘देऊळ – देवळात’ करत बसतो. गटातले सोबतीही त्याला आधी शिकवून ठेवतात, कारण गुण सर्वांचा जाणार असतो.

मग नेहमी एकच गट जिंकतो त्याचे काय? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड डीव्ह्रीज आणि कीथ एडवर्ड्स यांनी यावर एक तोड बसवली. गटात सर्व तऱ्हेची मुले असतात, ती एकत्र तयारी करतात. सामन्याच्या वेळी मात्र प्रत्येक जण दुसऱ्या गटातल्या आपल्या बरोबरीच्या मुलाशी खेळतो आणि मिळालेले गुण गटाकडे आणतो. कच्चे मूल पक्क्यापुढे उभे राहत नाही, पण गुण आणण्याची संधी त्यालाही तेवढीच मिळते. रुमालाचे क्रमांक वाटताना शिक्षकांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हे सगळे परदेशी किंवा अलीकडचे फॅड आहे असेही काहींना वाटते. भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला काल्पनिक शिक्षक १९३०च्या दशकातच गोष्टी आणि खेळ घेऊन चौथीच्या वर्गात शिरला होता, आणि तुमच्यासारखीच शंका त्याच्या साहेबांनाही आली होती. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले.

गलक्याची काळजी करू नका. काळजी दोन गोष्टींची करावी. चुकलेले उत्तर तिथल्या तिथे दुरुस्त होते का? नाहीतर सगळा वर्ग ‘विहीरीत’ ऐकून घरी जातो. आणि अडलेले शब्द दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतात का? एकाच शनिवारी वीस वेळा घेण्यापेक्षा अंतराने चार वेळा घेणे जास्त टिकते. तुम्हाला घरी काही करायचेच असेल तर मंगळवारी-बुधवारी जेवताना शनिवारचे दोन शब्द सहज विचारा. वही उघडायला लावू नका.

शाळेत गेलात तर खेळ बंद करा असे कृपया सांगू नका. भेंड्या थोड्या कमी करून रुमाल वाढवता येईल का, एवढे विचारा. पटांगण ओले असेल तर व्हरांडाही चालतो.