आभासी वर्ग : स्थान आणि अवस्था यांनुसार बदलणारे रूप

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले व रायपूर त्याची राजधानी झाली. त्या वेळी राज्यात १६ जिल्हे होते. २००७ मध्ये त्यांची संख्या १८, २०१२ मध्ये २७, २०२० मध्ये २८ आणि २०२२ मध्ये ३३ झाली. समजा, रायपूरच्या एखाद्या कार्यालयाने या जिल्ह्यांचा वर्णानुक्रमे तक्ता वेबपृष्ठावर दिला आहे आणि वाचताना नजर चुकू नये म्हणून एकाआड एक ओळीला फिकट रंग दिला आहे. हा रंग प्रत्येक ओळीला स्वतंत्रपणे नेमून दिला असेल, तर खैरागढ-छुईखदान-गंडई हा नवा जिल्हा मध्ये घालताच त्याखालची सारी रंगयोजना विस्कटते. ही अडचण आभासी वर्गाने दूर होते.

वेबपृष्ठाची रचना एचटीएमएल या भाषेत लिहितात. रंग, अक्षर, समास इत्यादी बाह्य रूपाचे नियम सीएसएस या भाषेत देतात. सामान्य वर्गाचे नाव रचनाकार घटकाला स्वतः जोडतो. आभासी वर्ग मात्र कोठेही जोडलेला नसतो. घटकाचे स्थान किंवा त्याची त्या क्षणीची अवस्था पाहून ब्राउझर तो ठरवितो. नियमात त्याच्या नावापूर्वी अपूर्णविरामाचे चिन्ह येते.

वरील तक्त्यासाठी 'एन्थ-चाइल्ड' हा आभासी वर्ग वापरावा. त्याच्या कंसात '२एन' लिहिले, की दुसरी, चौथी, सहावी अशा ओळींची निवड होते. '३एन+१' लिहिल्यास पहिली, चौथी, सातवी अशी. येथे एन म्हणजे शून्यापासून वाढत जाणारी पूर्ण संख्या. जिल्हे १६ असोत वा ३३, नियम एकच राहतो.

दुसरा प्रकार अवस्थेचा. १९९६ च्या पहिल्या सीएसएस प्रमाणकात दुव्यांसाठी तीन आभासी वर्ग होते : न पाहिलेल्या दुव्यासाठी 'लिंक', पाहिलेल्यासाठी 'व्हिजिटेड' आणि दाबला जात असलेल्यासाठी 'ॲक्टिव्ह'. १९९८ च्या दुसऱ्या प्रमाणकाने त्यांत 'हॉवर' व 'फोकस' यांची भर घातली. माउसचा बाण घटकावर आला, की 'हॉवर' लागू होतो. टॅब कळ दाबत घटकापाशी पोहोचले, की 'फोकस'.

हे नियम लिहिताना क्रमाला महत्त्व असते. समान वजनाच्या दोन नियमांत विरोध आला, तर नंतर लिहिलेला नियम टिकतो. दुवा दाबताना बाण त्यावर असतोच. म्हणून 'ॲक्टिव्ह' आधी आणि 'हॉवर' नंतर लिहिल्यास दोहोंत वेगवेगळा रंग दिला असूनही दाबल्याचा रंग कधीच दिसत नाही. लिंक, व्हिजिटेड, हॉवर, ॲक्टिव्ह हा क्रम याच कारणाने रूढ झाला.

यांपैकी 'फोकस'कडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. निवडलेल्या घटकाभोवती ब्राउझर एक चौकट काढतो. ती शोभत नाही म्हणून अनेक रचनाकार पुसून टाकतात. परंतु हात कापत असल्याने ज्याला माउस धरता येत नाही, असा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज केवळ कळफलकाने भरीत असेल, तर चौकटीवाचून आपण कोणत्या रकान्यात आहोत हे त्याला कळत नाही आणि अर्ज अपुरा राहतो. डोळ्यांना दिसणारा हा निर्देश असावा, अशी अपेक्षा वेब-सुगम्यतेच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही आहे. चौकट नको असल्यास तिच्या जागी दुसरी ठळक खूण द्यावी. 'फोकस-व्हिजिबल' या आभासी वर्गाने ती मुख्यतः कळफलक वापरणाऱ्यांनाच दाखविता येते. तसेच स्पर्शपडद्यावर बाण नसतो. म्हणून महत्त्वाची माहिती केवळ 'हॉवर'वर सोपवू नये.

शेवटी 'लँग' या आभासी वर्गाचा उल्लेख करावयास हवा. तो घटकाची भाषा ओळखतो. मात्र ती भाषा रचनेत नोंदलेली असावी लागते. हिंदी व मराठी या दोहोंची लिपी देवनागरी असली, तरी 'ल' आणि 'श' यांचे पारंपरिक वळण भिन्न आहे. रायपूरच्या एखाद्या संस्थेच्या पृष्ठावर दोन्ही भाषांचा मजकूर शेजारी-शेजारी असेल, तर या नियमाने मराठी मजकुराला मराठी वळणाचा टंक देता येतो.

या सर्व उदाहरणांत तत्त्व एकच आहे. रचनाकाराने अट सांगावी. ती केव्हा आणि कोठे पूर्ण होते, हे पाहण्याचे काम ब्राउझरचे.